वाचता येतं, समजत नाही

हे वाचून कोणाला उमेद येईल असा माझा दावा नाही. उमेदीचं लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या आजारपणात लोकांनी ते मला पोटभर वाचून दाखवलं आहे. मी लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की ज्यांच्या घरी माझ्यासारखं माणूस असेल त्यांनी निदान त्याला "अगं, किती सोपं आहे" असं म्हणू नये.

मी आंधळगावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं चौथीच्या वर्गात. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं आणि मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हात शाबूत राहिले, पाय शाबूत राहिले, तोंड तर आमच्या ह्यांच्या मते पहिल्यापेक्षा जास्त चालतं. गेलं ते वाचन. लिहिता येतं. हा मजकूर मीच लिहिते आहे, रोज सहा-सात ओळी. पण काल लिहिलेलं आज माझ्या हाती लागत नाही. अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. म्हणून रोज सकाळी हे मला कालचं वाचून दाखवतात आणि मग मी पुढे लिहिते. कुठे तेच ते दोनदा आलं असेल तर समजा, त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं.

तेलुगू पेपर

त्या सकाळी डोकं जड होतं, बाकी काही नाही. चहा घेतला, छपरीत पेपर उघडून बसले, तर सगळी अक्षरं अनोळखी.

"अहो, आज पोऱ्यानं तेलुगूचा पेपर टाकला वाटते," मी म्हटलं.

आमचे हे गाड्यांचे मेकॅनिक होते. कशातही बिघाड आहे असं ऐकलं की आधी ते हसतात, मग हात लावतात. तसेच हसत आले. "मराठीच तर हाये. चष्मा लाव."

"लावला हाये."

त्यांनी मथळा वाचून दाखवला. मला तो व्यवस्थित समजला. मग मी परत कागदाकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून मराठी येत होती आणि कागदावर ती कुठेच नव्हती. मी उठून कॅलेंडरपाशी गेले, तिथेही तेच. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, मीच रंगवलेली. ती पाहून मला एवढंच कळलं की इथे काहीतरी लिहिलेलं आहे.

भंडाऱ्याला नेलं, तिथून त्याच दिवशी नागपूरला. मशीनमध्ये घालून झाल्यावर एक तरुण डॉक्टर आला. बोलायला गोड होता. म्हणाला, "मॅडम, एक वाक्य लिहून दाखवा." मी लिहिलं. मला घरी जायचं आहे, असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं, टाक धरून काढल्यासारखं. मी मनात म्हटलं, चला, हे तर आहे. मग त्यानं गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, मुलाबाळांची चौकशी केली आणि पाच मिनिटांनी तोच कागद माझ्यापुढे धरला. "आता हे वाचा."

मी बराच वेळ पाहिलं. शेवटी विचारलं, "कोणी लिहिलं हे?"

हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे वडील गेले ती वेळ सोडली तर मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, थोडं परत येईल, किती ते सांगता येत नाही. मग विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त काय वाचावंसं वाटतं?" मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. मी म्हटलं, "ग्रंथ."

आमच्या बौद्ध विहारात वर्षावासात धम्मग्रंथाचं वाचन होतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, रोज संध्याकाळी. बाया धानाच्या रोवणीवरून येतात, पाय धुतात, पांढरं लुगडं नेसतात आणि सतरंजीवर येऊन बसतात. अठरा वर्षं ते वाचन मी केलं. नुसतं वाचायची नाही. वाचून झालं की पुस्तक मिटून, आज काय वाचलं ते साध्या बोलीत समजावून सांगायची. निवृत्तीचा निरोपसमारंभ मला आठवत नाही, पण त्या संध्याकाळी एकेक आठवतात. पेपर नाही मिळाला तरी चालेल, औषधाच्या बाटल्या दुसरे वाचतील. एवढं एक मला परत हवं होतं.

दवाखान्यात

दवाखान्यातले आठ दिवस सगळे एका साच्याचे. पहाटे सुई, मग फिनेलचा वास, मग फिकी खिचडी, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांची रांग. त्या सगळ्यांना माझं मोठं कौतुक. "लिहितात पण वाचत नाहीत," असं एकमेकांना सांगायचे. मी त्यांना म्हटलं, "माझ्या वर्गात अशी वीस होती, तवा कोणी पाहायले नाही आलं." ते हसले. मीही हसले. ते गेल्यावर तोंडावर पदर घेऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मी संडास शोधत निघाले आणि पुरुषांच्या दारात शिरले. आतून कोणी ओरडलं. दारावर लिहिलेलं होतं, चित्र नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. झाडू मारणारी एक बाई होती, तिनं झाडू बाजूला ठेवला, माझा हात धरला आणि बरोबर दारापाशी नेऊन सोडलं. पुढचे सहा दिवस मी उठले की ती कुठूनतरी येऊन हात धरायची. तिनं मला एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्हाला वाचता कसं येत नाही. ती स्वतः निरक्षर होती, हे मला घरी सोडलं त्या दिवशी कळलं. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नसणार.

सुटी होताना कागदावर सही मागितली. न वाचता सही करू नका, हे मी पालकसभेत घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी सही केली. झोकदार सही, खालच्या दोन टिंबांसकट.

मला फार भीती वाटत होती. भेटायला येणारे गेले आणि दुपार रिकामी झाली की ती भीती यायची. आपण आता मूर्ख होऊन जगायचं, आणि ते आपल्याला रोज कळत राहणार, अशी ती भीती होती.

पैकीच्या पैकी

चार महिन्यांत अक्षरं परत लागली. नागपूरच्या स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर लावायला शिकवलं. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचं, बाकी सगळं घरी. वाचायला सुरुवात झाली म्हणून घरात सण झाला. पण वाक्य संपेस्तोवर त्याची सुरुवात माझ्या हातून निसटलेली असायची. तुम्ही म्हणाल, मोठ्यानं वाचा, कान तर शाबूत आहेत. मीही तेच म्हटलं. पण वाचायला बसले की सगळा जीव अक्षरं जुळवण्यात जातो, ऐकायला मागे कोणी उरतच नाही. तेच वाक्य दुसऱ्यानं वाचलं की लख्ख समजतं.

मॅडमनी सांगितलं, रोज छोटा उतारा वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहा. आमच्या कपाटात चौथीच्या स्वाध्यायपुस्तिका गठ्ठ्यानं पडल्या होत्या. ह्यांनी एक काढली, लाल पेन घेतला आणि माझ्यासमोर परीक्षक होऊन बसले. दहावी नापास माणूस, एकतीस वर्षं माझ्या शाळेच्या गोष्टी ऐकून ऐकून त्यांना बहुधा हीच हौस राहिली असावी.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. "एका गावाच्या दक्षिणेला मोठा तलाव होता. त्यात शिंगाडे होत." एवढा उतारा. तलाव कोणत्या दिशेला होता? मी लिहिलं, शिंगाडे.

"अगं, सोप्पं तर हाये!" हे ओरडले. "वरतेच लिहिलं हाये!"

मी पुस्तिका त्यांच्या अंगावर फेकली. ते उठून बाहेर गेले आणि जेवायला आले नाहीत. पुण्याहून मुलीचा फोन आला, तर मी म्हटलं, तुझे बाबा ढोरासारखे वागतात, आणि त्यांनी मागून सांगितलं, तुझ्या मायचं डोकंच चालत नाही.

त्यानंतर एक दिवस मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले.

कसे ते सांगते. प्रश्नातला एक मोठा शब्द धरायचा. त्या आकाराचा शब्द उताऱ्यात शोधायचा. तो सापडला की ती सबंध ओळ उत्तराच्या जागी उतरवायची. समजायची गरज नाही. ही युक्ती माझीच. वर्गात काही पोरं अशी असायची की कितीही शिकवा, पालथ्या घड्यावर पाणी. तपासणी जवळ आली की मी त्यांना मागच्या बाकावर बसवून हेच शिकवायची. पोरं पास व्हायची, शाळेचा निकाल चांगला लागायचा, साहेब चहा पिऊन जायचे. बाई म्हणून माझं नाव होतं ते थोडं असंही होतं.

पाचपैकी पाच पाहून ह्यांनी लाल पेनानं 'शाब्बास' लिहिलं. ते मला समजलं नाही, त्यांनी वाचून दाखवलं. मग मुलीला फोन, भावाला फोन, पार साकोलीच्या साळ्याला फोन. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मला सांगवलं नाही. शिवाय मलाही पाचपैकी पाच आवडले, हे खोटं कशाला बोलू? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती आठ महिने झाकून ठेवली. मॅडमकडे जायची पाळी आली की कधी गुडघा दुखला, कधी गाडी चुकली.

वर्षावास

आषाढ पौर्णिमेच्या आठ दिवस आधी विहारातल्या बाया घरी आल्या. जय भीम झाला, चहा झाला. "बाई, आता बऱ्या झाल्या ना तुम्ही. यंदा ग्रंथ तुम्हीच वाचान."

आदल्या वर्षी, मी आजारी असताना, कमलाबाईनं वाचन केलं होतं. कमला मजुरी करते, रोवणीला, कापणीला जाते. चाळिशी उलटल्यावर माझ्याच साक्षरता वर्गात अक्षर शिकली. तीही आली होती, दाराशी बसली होती, आणि सगळ्यात जास्त खूश तीच होती. "मी सुटलो बाप्पा," ती म्हणाली.

मला नाही म्हणायला हवं होतं. ह्यांनी माझ्या वतीनं हो म्हटलं आणि मी त्यांना म्हणू दिलं.

पहिली दहा पानं मी घरी घोटली. पहिल्या संध्याकाळी मेणबत्त्या लागल्या, अगरबत्ती लागली, वंदना झाली. ती तोंडपाठ, तिला काही धक्का लागलेला नाही. मग मी ग्रंथ उघडला आणि वाचला. सावकाश वाचला. बायांना वाटलं, आजारपणातून उठली, जपून वाचते आहे. शेवटी सगळ्या 'साधू, साधू, साधू' म्हणाल्या. समजावून सांगायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "आज थकलो, उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी कोणी विचारलं नाही.

घोटलेली पानं संपली. नवीन पानांवर मी अक्षरामागून अक्षर चालत होते आणि घाम पुसत होते. आत काय लिहिलं आहे याचा मला पत्ता नव्हता. ज्या ग्रंथातली पानं मी अठरा वर्षं समजावून सांगितली, तो माझ्या मांडीवर होता आणि बंद होता. रोज वाटायचं, उद्या उघडेल.

दहाव्या-अकराव्या दिवशी वाचन झालं, साधुकार झाला, बाया नेहमीपेक्षा लवकर पांगल्या. ह्यांना ताप होता म्हणून मला घरी सोडायला कमला निघाली. रस्त्यात चिखल होता. तिनं माझा दंड धरला होता. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "बाई, राग नका मानू. आज तुम्ही कालचंच पान वाचलं."

मी थांबले. "कालचं?"

"हो. अन् दोनदा वाचलं. संपलं की परत वरतून."

"मंग बोलली काहून नाही?"

"वाचनात कोण बोलते, बाई?"

ते खरंच होतं. ग्रंथ उघडल्यापासून साधुकारापर्यंत मध्ये कोणी बोलायचं नाही, पोर रडलं तरी उठून बाहेर न्यायचं, ही शिस्त पहिल्या वर्षापासून मीच लावली होती.

"किती जणीइले कळलं?"

"सगळ्याइले," कमला म्हणाली.

त्या सगळ्या मान खाली घालून, हात जोडून, तेच पान दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ऐकत बसल्या होत्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, कमलाला सगळं सांगून टाकलं. मला वाचलेलं समजत नाही. शब्द येतो, अर्थ येत नाही. वर्ष होऊन गेलं.

मला वाटलं, ती 'अरे अरे' करेल. ती तशीच उभी राहिली, थोडी गोंधळल्यासारखी.

"म्हणजे कसं?" ती म्हणाली. "मले तर असंच होते."

"काय होते?"

"वाचतो, पण समजत नाही. मागच्या साली तीन महिने वाचलं, एक वाक्य समजलं नाही मले. तुम्ही वाचत होत्या तवा मी आयकत होतो, तवाच जे समजलं ते. मले वाटे, वाचणाऱ्याले समजतच नसन. ते आयकणाऱ्याइसाठी असते."

"अन् साक्षरता वर्गाची परीक्षा? तू तर पास झाली होती."

"तुम्हीच तर सांगतलं होतं," ती अगदी सरळपणे म्हणाली. "सवालातला शब्द पाहाचा, अन् ती ओळ उतरवाची."

त्या वर्गात तेवीस बाया होत्या. तेवीसच्या तेवीस पास झाल्या होत्या.

आता

मी ह्यांना खरं सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मले फसवत होती तू?" मी म्हटलं, "मी मलेच फसवत होतो. तुम्ही मधात सापडले." त्यांनी पुस्तिकांचा गठ्ठा सुतळीनं बांधला आणि कपाटावर टाकला. पेनाला टोपण लावलं. तेवढ्यानंही मला रडू आलं.

आम्ही दोघं नागपूरला गेलो. मॅडमनी एक उतारा वाचायला दिला आणि वाचून होताच कागद उलटा करून ठेवला. "यात कोणाची गोष्ट होती?" मी खूप आठवलं. मी म्हटलं, "तलावाची." ह्यांनी मान फिरवली. गोष्ट एका शेळीची होती. मॅडम रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आता आपण ऐकण्यावरच भर देऊ." शाळेत मी हाच सूर लावून कच्च्या पोरांच्या पालकांशी बोलायची, म्हणून त्याचा अर्थ मला बरोबर कळला.

विहारात जाऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं की मला वाचलेलं समजत नाही. एकीनं पाणी आणून दिलं. ग्रंथ परत कमलाकडे गेला.

मग मी कमलाला म्हटलं, तू सकाळी कामावर जाण्याआधी माझ्याकडे येत जा. तुला वाचायला शिकवते, यावेळी नीट शिकवते. ती आली. डोक्याला तेल लावून, पांढरा पदर खांद्यावर घेऊन, वर्गात यायची तशीच. दोघी छपरीत बसलो. ग्रंथ मध्ये ठेवला. मी पान उघडलं आणि मला कळेना की आता काय सांगायचं. अक्षर तिला येतं, मला येतं. पुढचं काय असतं?

कमलानं विचारलं, "बाई, पहिले तुम्हाले समजे, तवा कसं होत होतं?"

मी डोळे मिटून बसले. शब्दांवरून नजर जायची आणि... आणि पुढे काय व्हायचं? काहीतरी व्हायचं. चित्र दिसायचं? आवाज यायचा? एकतीस वर्षं मी तेच शिकवत होते आणि मला त्याचं काही सांगता येईना. शेजारी कमला माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"आठवत नाही गं," मी म्हटलं.

तिनं ग्रंथ स्वतःकडे ओढला, ओळीखाली बोट ठेवलं. "जाऊ द्या. मी वाचतो, तुम्ही आयका. दोघीतून एखादीले तरी समजन."